रिकाम्या बाटल्या, नग चाळीस

चहाचा कप घ्यायला करुणानं हात पुढे केला आणि तिची बोटं पिवळी दिसली. उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठ्याच्या मुळाशी एक पट्टा. पहिल्यांदा वाटलं हळद असेल. पण ती नुकतीच मोरीतून हात धुऊन आली होती, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते. हा पिवळा लाल झालेला नव्हता. किंचित हिरवटाकडे झुकलेला, कातडीच्या आत शिरून बसलेला हा पिवळा मी एकतीस वर्षं माझ्या स्वतःच्या बोटांवर पाहिला आहे, दर जुलैत, कॉलेज उघडायच्या पहिल्या दिवशी. मी कप दिला आणि विचारलं, हात कशानं भरले. ती फोनमध्ये बघत म्हणाली, विद्यापीठाच्या हॉलमधलं जुनं लोखंडी कपाट काल साफ केलं. ट्रॉफ्या ठेवायला जागा नव्हती म्हणून गजेंद्र सरांनी कुलूप तोडायला लावलं. आत जाळीच जाळी, आणि खालच्या फळीवर एक काळपट बाटली. तिच्या झाकणाभोवती पिवळं काहीतरी जमलं होतं, फळीवरही पडलं होतं. ते तिनं ओल्या फडक्यानं पुसलं. झाकण मात्र कोणालाच उघडता आलं नाही.

"वैभवदादा म्हणे, उद्या पक्कडनं खोलून पाहतो," ती म्हणाली.

"नका खोलू. हातच नका लावू तिले. सांगजो वैभवले."

"काहून?"

"जुनी आहे."

एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाच्या तोंडून एवढंच निघालं. ती हो म्हणाली, बॅग खांद्यावर टाकली, तिच्या आजीला, म्हणजे माझ्या शांताला, आतूनच येते म्हणून ओरडून सांगितलं आणि सौंसरची पहिली बस पकडायला गेली. मी तिला थांबवलं नाही. आज तिची निवड होती. सौंसरच्या विद्यापीठाचा मुलींचा कबड्डीचा संघ आज ठरणार होता, आणि नागपूरहून रेल्वेच्या संघाचे एक कोच खास बघायला येणार होते. गेले तीन महिने घरात दुसरं बोलणं नव्हतं. थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, कारण सांगितलं असतं तर ते कपाट कुलूप लावून कोणी ठेवलं तेही सांगावं लागलं असतं. मी ओट्यावर बसून राहिलो. चहावर साय आली. शांता बाहेर येऊन म्हणाली, तुमचं अंग बरं नाही का. मी म्हणालो, सौंसरला जाऊन येतो, पोरीची मॅच बघतो. ती खूश झाली. इतक्या दिवसांत मी एकदाही मॅच बघायला गेलो नाही याचा तिला राग होताच.

स्टँडवर बस लागलेली होती. करुणाला दोनदा फोन लावला, वाजून वाजून बंद झाला; मॅचच्या दिवशी पोरींचे फोन सरांच्या पिशवीत असतात. विद्यापीठाच्या ऑफिसचा नंबर लावावा असं मनात आलं. फोन बाबू उचलणार, कोण बोलतंय विचारणार, काय काम विचारणार. मी नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. खरं सांगायचं तर मला भीती बाटलीची होती तेवढीच त्या बाबूच्या प्रश्नाची होती, आणि असं आपल्याला वाटतंय याची शरमही वाटत होती. बस गाव सोडून निघाली. कापूस वेचणाऱ्या बाया रांगेनं शेतात उतरत होत्या, संत्र्याच्या बागांतून ट्रॅक्टर बाहेर येत होते, सगळं रोजच्यासारखं होतं. शेजारच्या माणसाच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. खड्डा आला की झाकण वाजायचं, आणि ते वाजलं की मी वळून डब्याकडे बघायचो.

त्या बाटलीत पिक्रिक अ‍ॅसिड आहे. नोकरीला लागलो तेव्हा मला तिचं नावही नीट म्हणता येत नव्हतं. हुद्दा प्रयोगशाळा परिचारक, शिक्षण दहावी, काम नळ्या धुण्याचं. नलिनी मॅडम तेव्हा नव्या होत्या, नागपूरहून आल्या होत्या आणि माझ्यासारख्याला पण अहो म्हणायच्या. पहिल्याच जुलैत त्यांनी ती बाटली टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, तान्हं मूल ठेवतात तशी. आत पिवळ्या रव्यासारखं काहीतरी पाण्याखाली बसलं होतं. म्हणाल्या, मनोहर, ओली आहे तोवर ही गरीब आहे. हिला तहान लागू द्यायची नाही. कोरडी पडली की नुसत्या धक्क्यानं हिचा स्फोट होतो, हिच्यासारखी वाईट दुसरी नाही. झाकणाच्या आट्यांत जरी कोरडा कण राहिला आणि आपण झाकण फिरवलं, तर फिरवणारा हात राहणार नाही. मी हसलो होतो. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हापासून दर जुलैच्या पहिल्या दिवशी मुलं यायच्या आधी आम्ही दोघं ते काम करायचो. झाकणाचे आटे ओल्या फडक्यानं पुसायचे, आत ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, बाटली तिरपी करून बघायची, खडूनं कपाटाच्या आत तारीख लिहायची. नंतर मॅडमचे गुडघे धरले आणि मी एकटाच करू लागलो. कॉलेजात मला कोणी ओळखत नव्हतं, पण हे काम करताना मला वाटायचं की ही सगळी इमारत माझ्या भरवशावर उभी आहे. तो अभिमान खोटा नव्हता.

मग कॉलेजचं विद्यापीठ झालं. त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी मोठी सभा घेतली, मी मागच्या बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. अध्यक्ष आकडे वाचत होते. रसायनशास्त्राला तीन वर्षांची मिळून अकरा मुलं. कबड्डी, कुस्ती, धावणं यांच्यासाठी तीनशे अर्ज. पैसा एकच आहे, तो प्रयोगशाळेत घालायचा की मैदानात, असा सरळ प्रश्न त्यांनी टाकला, आणि उत्तर त्यांच्या खिशात तयार होतं: प्रयोगशाळेची इमारत सगळ्यात मोठी, आतल्या भिंती पाडल्या तर इनडोअर हॉल होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या नलिनी मॅडम उठल्या. त्या म्हणाल्या, खेळाला माझा विरोध नाही, मी स्वतः खो-खो खेळलेली आहे. पण विद्यापीठात एक तरी माणूस असा असावा ज्याला कपाटात काय आहे ते कळतं. कोणीतरी मागून हळूच म्हणालं की कपाटं विकून टाकू, आणि सभा हसली. मॅडमनी हसणाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं.

कारण मी त्यांच्या बाजूचा नव्हतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझा मुलगा कुणाल त्याच प्रयोगशाळेतून बी. एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. त्याच्या निकालाच्या दिवशी मॅडमनी पेढे वाटले होते. आमच्या सगळ्या खानदानात शास्त्र शिकलेला तो पहिला. त्या डिग्रीचा फोटो भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी लावला. आणि मग कुणाल दोन वर्षं फॉर्म भरत राहिला, दोन वर्षं नागपुरात एका औषधाच्या दुकानात उभा राहिला, आणि आता पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत पेट्या भरून घेतो. त्याला सल्फ्युरिकचं समीकरण अजून पाठ आहे. एकदा दारू पिऊन आला तेव्हा त्यानं ते मला म्हणून दाखवलं होतं. त्याची पोरगी मात्र लहानपणापासून अंगणात पाय मारत खेळायची, पडली तरी रडायची नाही. तिच्या शाळेतल्या एका मुलीला खेळाच्या कोट्यातून पोलिसात घेतलं तेव्हा मी मनात ठरवून टाकलं की पुस्तकांनी आम्हाला जेवढं द्यायचं तेवढं दिलं, आता मैदान काय देतं ते बघू. अध्यक्ष बोलत होते तेव्हा मला तो हॉल आधीच दिसत होता, आणि त्यात करुणा दिसत होती. मॅडमना अकरा मुलं दिसत होती. मला एकच दिसत होती.

बस एका फाट्यावर थांबली. चार माणसं चढली, कंडक्टरनं दार जोरात ओढलं आणि मी दचकलो. शेजारचा डबेवाला माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीकडे तोंड केलं.

यादी मीच केली होती. प्रयोगशाळा मोडायची तर सामानाचं अपलेखन करावं लागतं. काय काय होतं आणि कशाचा उपयोग उरला नाही ते लिहून सही करायची. मॅडम तोवर निवृत्त होऊन नागपूरला गेल्या होत्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्याच. बाकीची रसायनं दुसऱ्या एका कॉलेजनं नेली, पण ही बाटली पाहून त्यांचा माणूस दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, ही तुमची तुम्ही बघा. गजेंद्र सर नवे क्रीडा अधिकारी, तरुण, मनानं चांगले. ते माझ्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले आणि समजावून सांगू लागले. एक जरी धोक्याचं रसायन यादीत दिसलं तर बाहेरून माणसं येतील, तपासणी होईल, हॉल सहा महिने लांबेल, पहिल्या तुकडीच्या निवडी रद्द होतील. तुमच्या नातीचं नाव पहिल्या तुकडीत आहे, हेही त्यांनी सांगितलं. धमकी म्हणून नाही, आनंदाची बातमी सांगावी तसं. मी कागद पुढे ओढला. रिकाम्या बाटल्या एकोणचाळीस होत्या. मी चाळीस लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, मॅडमनीच वळण लावलेलं. मग सगळे गेल्यावर बाटलीला पाणी पाजलं, लोखंडी कपाटात सगळ्यात खाली ठेवली, कुलूप लावलं, किल्ली घरी आणली. महिन्याभरात येऊन काहीतरी करू असं ठरवलं होतं. काय करणार होतो ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या जुलैत गेलो होतो. तिथे मॅट अंथरायचं काम चालू होतं, पोरांनी आदरानं खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्यांच्यासमोर कपाट उघडायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या जुलैत गुडघा दुखत होता. तिसऱ्या जुलैत विसरलो, असं मी स्वतःला सांगतो. विसरलो नव्हतो. मी सकाळी उठून आंघोळ केली होती, धुतलेला शर्ट घातला होता, आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिलो होतो. तीन उन्हाळे गेले. वर पत्रा, आणि आमच्याकडचा मे महिना. पाणी कधी संपलं असेल त्याचा हिशोब मी रात्री अंथरुणात करायचो. मॅडमच्या शब्दात सांगायचं तर तिला तहान लागली होती, आणि ती कुठे राहते ते जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

सौंसरला उतरलो तेव्हा अकरा वाजत आले होते. हॉलबाहेर मोटारसायकली, आत ढोल, माईकवर कोणीतरी हिंदीत पुकारत होतं. दारातच वैभव भेटला. हा मुलांच्या संघातला मोठा खेळाडू, करुणाहून वयानं मोठा. त्याच्या मागच्या खिशात पक्कड होती. गुणफलकाची तार बांधायला आणलेली, असं त्यानं आपणहून सांगितलं. मी विचारायच्या आधीच बाटलीचंही सांगितलं.

"तुमचा निरोप भेटला आबाजी. करुणा आली तवा मी खोलूनच राहिलो होतो. थोडंसं फिरलं, करकर वाजलं, तेवढ्यात ती वरडली. मंग सोडून देल्लं."

थोडंसं फिरलं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही होते. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि त्याला वाटलं की मला प्रवास बाधला. तो पाणी आणायला गेला. मी कडेकडेनं कपाटापर्यंत गेलो. ते खेळाडूंच्या बाकामागे उभं होतं, दारं काढून टाकलेली, वर ट्रॉफ्या, मधे पाण्याच्या बाटल्या, खाली पोरींचे बूट आणि पिशव्या. त्या बुटांच्या मागे ती होती. वाकलो, पण हात लावला नाही. आत पाण्याचा थेंब नव्हता. पिवळा रवा काचेपासून सुटून एका बाजूला ढेपाळला होता. झाकणाभोवती सुईसारखे बारीक कण होते आणि एका जागी ते नुकतेच चिरडलेले दिसत होते. कपाटाच्या आतल्या पत्र्यावर माझ्या हातच्या खडूच्या तारखा एकाखाली एक होत्या. त्याच वेळी मॅटवर कोणीतरी पकडली गेली, सात पोरी एकीवर कोसळल्या, आणि लाकडी तळावरून तो धक्का कपाटापर्यंत आला. रवा किंचित सरकला. मी तो सरकताना पाहिला.

पहिला हाफ संपला होता. गजेंद्र सर घामेजलेले, आनंदात, माझ्याकडे आले. मुलगी फॉर्मात आहे, कोचनी तिचं नाव दोनदा विचारलं, असं सांगू लागले. मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं ते हसतील, म्हातारा बरळतोय म्हणतील. खरं तर त्यांनी तसं म्हणावं अशी आशाच होती, म्हणजे माझं काम झालं असतं. पण ते हसले नाहीत. त्यांनी बुटांच्या मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी तर लिहून देल्लं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"देल्लं होतं सर."

हॉलमध्ये दोनेकशे माणसं असतील. कोच टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होते. रेफरी घड्याळाकडे बघत मॅटच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"मी शिट्टी मारतो, दोन मिनटात हॉल खाली करतो," गजेंद्र सर म्हणाले. "मंग आज सिलेक्शन होत नाई. कोच दुपारच्या गाडीनं चालले, ते काई पुन्हा येत नाई. पन हे तुमचं सब्जेक्ट आहे मनोहरजी, मले यातलं काई समजत नाई. तुमी सांगा. थांबवू का?"

एकतीस वर्षांत त्या इमारतीत रसायनशास्त्राचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर मला पाठ होतं. थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडी ठेवा, कोणी पळू नका, कशाला धक्का लावू नका. मॅडमनी ते माझ्याकडून म्हणून घेतलं होतं. मी तोंड उघडलं. पलीकडे करुणानं मला पाहिलं. आबाजी आले, असं ती शेजारच्या पोरीला सांगताना तिच्या ओठांवरून कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तो सोसवेना. ती चढाईला निघायच्या तयारीनं रेघेजवळ आली. कोचनी मान वर केली. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत सावरगावशी दगडांचा खेळ होतो. डोकी फुटतात, काठावर डॉक्टर बसलेले असतात, आणि दरवर्षी मी बायकोला म्हणतो की ही माणसं थांबत कशी नाहीत.

"सेकंड हाफ होऊन जाऊ द्या सर," मी म्हणालो. "तीन साल काई झालं नाई. पंधरा मिनटात काय होते."

गजेंद्र सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. विषय माझा होता, मी उत्तर दिलं होतं. ते टेबलाकडे गेले. मी बाकावरच्या पोरींना दोन हात पुढे सरकायला सांगितलं, इथे वारा येत नाही असं काहीतरी कारण दिलं, आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिलो, म्हणजे कोणी बूट घ्यायला येणार नाही. रेफरीनं शिट्टी दिली. करुणा रेघ ओलांडून आत गेली, तिचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि सात जणींनी हात धरून साखळी केली. माणसं पाय आपटू लागली. सातही जणी तिच्यावर पडल्या, ती त्यांच्यासकट घसरत रेघेपर्यंत आली आणि बोटं पलीकडे टेकवली. हॉल उठून उभा राहिला. तळाच्या फळ्यांतून हादरा माझ्या पायांत शिरला, पाठीमागचं कपाट हललं, आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. गुणफलकावर पाहिलं. अजून चौदा मिनिटं बाकी होती.